समोर बघायचं नाही

डावेआजोबांना कुणी हाक मारली तर ते ओ देत नसत. ऐकू यायचं नाही म्हणून नव्हे. कान इतके तिखट, की शेजारच्या घरात दूध उतू गेलं तरी यांना आधी कळायचं. पण सूनबाईंनी खालून विचारलं, "बाबा, आहात का खोलीत?" की वरून काठी आपटल्याचा आवाज यायचा, नाहीतर खोकला, नाहीतर म्हातारा स्वतःच गुडघ्यांना शिव्या घालत जिना उतरून समोर येऊन उभा राहायचा. 'आहे' एवढी दोन अक्षरं तोंडातून काढायला यांचं काय जात होतं, देव जाणे.

शेजारपाजारच्यांनी आपापल्या परीने निकाल लावून टाकला होता. कुणी म्हणे माणूस शिष्ट, कुणी म्हणे लष्करी खाक्या. पोस्टमन तर डावे हे आडनावच समजायचा. खरं म्हणजे ते आडनाव नव्हतं, आणि आजोबा डावखुरेही नव्हते. लढाईच्या दिवसांत ते बॉम्ब टाकणारं विमान चालवायचे, तिघांच्या ताफ्यात डावीकडून. तेव्हा चिकटलेलं नाव विमानातून उतरल्यावरही सुटलं नाही.

आजी होत्या तोवर सगळं निभावून गेलं. त्या हसत सांगायच्या, "लग्नाआधी मी विचारलं, माझ्यावर जीव आहे का? तर म्हणाले, 'जडला.' 'आहे' म्हणावं लागू नये म्हणून व्याकरण शिकलेला एकटाच माणूस हा!" 'आहे'ची खरी गोष्ट फक्त त्यांनाच ठाऊक होती. म्हणून त्या पंखा आणि मिक्सर कधी एका वेळी चालू ठेवत नसत. चटणी वाटायची तर पंखा बंद, मग घामाच्या धारा लागल्या तरी बेहत्तर. आजी गेल्या आणि आजोबा मुलाकडे राहायला आले. मुलगा मालवाहू जहाजावर, वर्षातला बहुतेक काळ पाण्यावर. घरात सूनबाई, शाळेत नुकतीच जायला लागलेली नात, आणि खाली सूनबाईंचा पडदे शिवायचा कारखाना.

कारखाना म्हणजे काय, एक लांबट खोली आणि मोटारीवर चालणाऱ्या तीन मशिनी. जागा अडचणीची, म्हणून मशिनी अशा मांडलेल्या: सूनबाईंची पुढे, खिडकीपाशी, तिच्या मागे जरा उजवीकडे थोरलीची, आणि मागे डावीकडे धाकटीची. थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी, दिवसभर एकमेकींशी भांडायच्या आणि डबा मात्र एकाच झाकणात खायच्या. आजोबांनी ती मांडणी पहिल्यांदा पाहिली, तेव्हा ते दारातच थबकले.

"या मशिनी हलवता नाही का येणार?" त्यांनी विचारलं.

"हलवून कुठे ठेवू बाबा, डोक्यावर?" सूनबाई म्हणाली. "आणि का हो?"

"काही नाही. सहज."

त्यांचं सहज काही नव्हतं. दोन इंजिनं वेगवेगळ्या गतीने फिरत असली, की त्यांचा आवाज हेलकावे खातो, घूंऽ घूंऽ असा. गती जुळली की हेलकावा संपतो आणि एकच सपाट, ताणलेला सूर उरतो. विमानात तो सूर लागला की वैमानिक खूश. डावेआजोबा मात्र त्या सुराला टरकून होते, कारण त्या सुराच्या पोटातून कुणीतरी बोलायचं.

असं असूनही ते रोज खाली येऊन मशिनींच्या मागे स्टूल टाकून बसत आणि शिवलेल्या पडद्यांचे लोंबते दोरे कापत. वरच्या खोलीत एकटं बसलं की तो सूर जमिनीतून पायात चढायचा. इथे निदान थोरली-धाकटीची किरकिर असायची.

नात कापणीच्या टेबलाखाली घर मांडून असायची. ती डावखुरी. उजव्या हाताच्या कात्रीने तिला धड कापता येत नसे, म्हणून सूनबाईंनी खास डावी कात्री आणून दिली होती. ती दिल्यापासून थोरली-धाकटी तिला 'डावी' म्हणायच्या, आणि पोरगी हे नाव मिरवायची. "आजोबा डावे आणि मी डावी," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला न विचारता सांगायची. "आमच्या घरात डावं-उजवं चालत नाही," सूनबाई म्हणायची, "इथे डावंच जास्त."

"आजोबा, विमानातून काय दिसायचं?" नातीने एकदा विचारलं.

"दादाचा पंख."

"आणि ढग?"

"दादाचा पंख."

"आणि खाली? घरं, माणसं?"

आजोबांनी दोरा कापला. "खाली बघायचं नाही. समोरही बघायचं नाही. समोर बघायला दादा असतो. आपण फक्त त्याचा पंख धरायचा."

"हाताने?"

"डोळ्यांनी गं. त्याच्या पंखाच्या टोकावर एक दिवा असायचा. तो आपल्या काचेत जिथे दिसतो, तिथेच दिसला पाहिजे. तो पुढे गेला तर आपण पुढे. तो वळला तर आपण वळायचं. कुठे चाललोय ते विचारायचं नाही."

पोरीला हे फार आवडलं. त्याचा खेळच झाला. बाजारात जाताना ती आजोबांच्या मागे, एक पाऊल डावीकडे राहायची, आणि त्यांच्या कोटाच्या कोपरावरचं चामड्याचं ठिगळ डोळ्यांनी धरायची. गर्दीत, सायकलींमध्ये, वळणावर, कुठेही ते ठिगळ सुटायचं नाही. आजोबांना कौतुक वाटायचं. इतकी पक्की नजर त्यांनी हवाईदलातसुद्धा फार कमी जणांची पाहिली होती. आपण पोरीला काय शिकवून बसलोय, हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही.

लढाईच्या त्या दिवसांत आजोबा हे आजोबा नव्हते, नुसता डावा होता. पुढे दादा, मागे डावीकडे हा, मागे उजवीकडे उजवा. दादा वयाने असा कितीसा मोठा असणार! मिशी तेवढी आधी फुटलेली. पण धावपट्टीवर उभा राहून तो सांगायचा, "मी समोर बघतो, तुम्ही माझ्याकडे बघा," तेव्हा आपल्या बापानेच सांगितल्यासारखं वाटायचं. उजवा म्हणजे खादाड, थंडीने कुडकुडणारा, एकावर एक दोन मोजे चढवणारा पोरगा. त्याच्या गालात कायम पेपरमिंटची गोळी. त्यामुळे रेडिओवर त्याचं 'आहे' जरा बोबडं यायचं.

रेडिओवर बोलायचं ते तेवढंच. ढगात शिरलं की एकमेकांची विमानं दिसेनाशी व्हायची, मग दादा विचारायचा, "डावा?" हा म्हणायचा, "आहे." "उजवा?" "आहे." झालं. पंखाने पंखाशी बोलायचं नाही, आणि पंखाने दादाला काही विचारायचं नाही, असा नियम होता. बॉम्बसुद्धा दादाच्या पोटाखालून सुटलेले दिसले की यांनी खटका दाबायचा. खाली शहर होतं की माळ, कारखाना होता की कुणाचं घर, हे डाव्याने एकदाही पाहिलं नाही. तेव्हा त्याला ते सुखाचं वाटायचं. पुढे म्हातारपणी तेच सुख त्यांच्या छातीवर येऊन बसायला लागलं.

त्या शेवटच्या खेपेला बॉम्ब टाकून होताहोताच दादाच्या विमानापुढे तोफेचा गोळा फुटला. काळा धूर आला आणि गेला. दादाचं विमान जरासं हललं, आणि पुन्हा सरळ झालं. डाव्याला काचेतून दादा दिसत होता, डोकं ताठ, नेहमीसारखा. मग ढग आले.

"डावा?"

"आहे."

"उजवा?"

"आहे."

किनारा लागला की उजवीकडे वळायचं, असं ठरलेलं होतं. किनारा मागे पडला. दादा वळला नाही. डाव्याच्या मागे बसणारा नकाशावाला म्हणाला, "वळण गेलं रे. खाली नुसतं पाणी दिसतंय."

"दादाला ठाऊक असेल," डावा म्हणाला.

ढग विरळ होऊन पुन्हा दाट झाले. दादा सरळ चालला होता. आवाज मात्र शांतपणे येत होता. डावा? आहे. उजवा? आहे. नकाशावाल्याचा आवाज चढायला लागला. "आता वळला नाहीस तर परतायला पेट्रोल उरायचं नाही. तू समोर बघ तरी!"

आणि डाव्याने समोर बघितलं. समोर काही म्हणजे काहीच नव्हतं. राखाडी पाणी आणि राखाडी आभाळ, दोघांमधली रेघसुद्धा पुसलेली. आपण इतका वेळ कशावर विश्वास ठेवून उडत होतो? त्याने विमान खाली घेतलं, दादाच्या पोटाखालून उजवीकडे निघाला, आणि पलीकडे बाहेर पडल्यावर वळून वर पाहिलं.

डाव्या बाजूने धडधाकट दिसणाऱ्या त्या विमानाची उजवी बाजू नाकापासून फाटून गेली होती. आत वारा फिरत होता. दादा खुर्चीच्या पट्ट्यांत ताठ बसलेला होता, आणि त्याच्यात आता काही उरलेलं नव्हतं. विमान आपोआप चालण्याच्या यंत्रावर पुढे जात होतं. आणि त्या उघड्या जखमेच्या अगदी बाजूला उजवा उडत होता. त्याचा गाल पेपरमिंटने फुगलेला होता आणि डोळे पंखाच्या दिव्यावर. त्याने नजर जराशी हलवली असती तर सगळं दिसलं असतं. पण नजर हलवायची नाही, हेच तर शिकवलं होतं.

डाव्याने बोलायचं बटण दाबलं. त्याच क्षणी कानात आलं, "डावा?"

तोंड उघडलं तर एकच शब्द बाहेर पडेल, आणि तो पडला की आपण परत त्या रांगेत जाऊ, हे त्याला स्वच्छ कळलं. त्याने दात आवळले आणि वळला. मागून आवाज येत राहिला. डावा? डावा? मग, "उजवा?" आणि बोबडं, "आहे."

तळावर उतरल्यावर रेडिओ सांभाळणारा माणूस धावत आला. "दादाचा रेडिओ तर निशाण्यावरच बंद पडला होता," तो म्हणाला. "त्यानंतर आम्हाला तुमच्या दोघांचंच ऐकू येत होतं. आहे, आहे, आहे. आम्ही म्हटलं, यांना विचारतंय तरी कोण?"

त्या दिवसापासून दोन इंजिनांचा सूर कुठेही जुळला, की तो आवाज यायचा. पाण्याच्या पंपातून, पिठाच्या गिरणीतून, पंखा आणि मिक्सर यांच्या मधल्या फटीतून. रागावलेला नाही, घाईचा नाही. नुसता विचारणारा. आणि डावा कधी उत्तर देत नसे.

आता त्या दिवसाकडे येऊ. सकाळपासून समुद्रावरून धुकं आलं होतं आणि दुपार झाली तरी हटत नव्हतं. एका नव्या इस्पितळाचे पडदे द्यायचे होते, सगळे एका मापाचे, सगळे हिरवे. एरवी तिघींचं काम वेगळं, त्यामुळे मशिनींचा वेगही वेगळा. त्या दिवशी तिघी एकच लांबलचक काठ शिवत होत्या. काम इतकं अंगावर आलं होतं की थोरली-धाकटी भांडायच्यासुद्धा विसरल्या.

आजोबांनी सूर जुळताना ऐकला. हेलकावा लहान झाला, आणखी लहान झाला, आणि संपला. त्यांनी कात्री मांडीवर ठेवली आणि दात आवळले.

"डावा?" आवाज आला.

सवयीचंच होतं. थोड्या वेळाने सूर मोडतो, आवाज जातो.

"डावा?"

टेबलाखालून खणखणीत उत्तर गेलं, "डावी आहे!"

इतकी वर्षं आजोबांची समजूत होती की हा आवाज आपल्या डोक्यात आहे. म्हाताऱ्यांना होतात असे भास, सैनिकांना तर होतातच. आजींनीसुद्धा तो कधी ऐकला नव्हता. त्यांनी फक्त विश्वास ठेवला होता.

"कुणाशी बोललीस?" त्यांनी खाली वाकून विचारलं.

पोरगी टेबलाखालून बाहेर आली आणि उभी राहिली. डावी कात्री तिने नीट जमिनीवर ठेवली. तिची मान थोडी उजवीकडे वळलेली होती आणि नजर वर, जिथे भिंतीशिवाय काही नव्हतं, तिथे खिळलेली. आजोबांना ती नजर ओळखू आली. ज्याने आयुष्यात अशी नजर ठेवलीय, त्याच माणसाला ती ओळखू येते. पोरीने पंख धरला होता.

ती चालायला लागली. दाराशी कापडाचा गठ्ठा पडला होता, त्यावर ती गुडघ्याने आपटली, खाली बघितलं नाही, आणि त्याला वळसा घालून बाहेर गेली.

"सूनबाई!" आजोबा ओरडले. मशिनींच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार! सूनबाईंची पाठ यांच्याकडे, डोळे सुईवर, आणि मागच्या दोघींचे डोळे सूनबाईंच्या हाताखालून सरकत येणाऱ्या काठावर. तिघींपैकी कुणीही मान वर केली नाही. आजोबा उठले, काठी घेतली आणि पोरीच्या मागे निघाले.

रस्ता त्यांच्या पायाखालचा होता, पण धुक्यात सगळं उलटंपालटं झालेलं. बर्फाच्या कारखान्याचं फाटक गेलं, दोरखंडांचं दुकान गेलं. पोरीचा पिवळा फ्रॉक पुढे दिसायचा आणि बुजायचा. ती धावत नव्हती. एका चालीने, एका रेषेत चालली होती, एक सायकलवाला तिला चुकवताना शिव्या घालत पडला तरी. आणि रस्ता कुठे जातो ते आजोबांना ठाऊक होतं. तो सरळ धक्क्यावर जायचा, आणि धक्का सरळ पाण्यात.

"पोरी, थांब! अगं, ए डावी!"

ती थांबणार नाही, हे हाक मारतानाच त्यांना कळत होतं. पंख धरलेल्याला मागची हाक ऐकू येत नाही. हेही त्यांनीच शिकवलं होतं, नाही का? बाजारात कुणीही हाक मारली तरी वळायचं नाही, म्हणून.

धक्क्यावर मच्छीमारांच्या होड्या बांधलेल्या होत्या. धुकं हटेल या आशेने कुणीकुणी इंजिनं चालू ठेवली होती. माणसं दिसत नव्हती, नुसती घरघर येत होती, पाण्यावरून, दोन्ही बाजूंनी. आजोबा धक्क्यावर पाऊल टाकतात न टाकतात, तोच ती घरघर जुळली.

"डावा?"

"आहे," पोरगी म्हणाली. आता 'डावी' नाही. नुसतं 'आहे'.

"उजवा?"

आणि धुक्यातून, पोरीच्या पलीकडून, उत्तर आलं. थकलेलं, कोवळं, बोबडं. "आहे."

इतक्या वर्षांत आजोबांनी फक्त विचारणारा आवाज ऐकला होता. उत्तर देणारा पोरगा पहिल्यांदाच. तो अजून उडत होता. पेट्रोल संपलं, लढाई संपली, सगळे म्हातारे झाले, मेले, आणि हा गालात गोळी धरून अजून त्या दिव्याकडे बघतोय! आजोबांना रडूच फुटलं.

पण रडायला वेळ नव्हता. धक्क्याचं टोक धुक्यात कुठेतरी पुढेच होतं. त्यांच्या मनात आलं, जागा डाव्याची, आणि डावा मी. मी उत्तर दिलं की पोरगी सुटेल. मग माझं काय व्हायचं ते होवो. त्यांनी तोंड उघडलं. शब्द जिभेच्या टोकावर आला. आणि तिथेच त्यांनी तो गिळला, कारण त्यांना दिसलं की मी 'आहे' म्हटल्याने फक्त रांग पुरी होईल. पुरी झालेली रांग तशीच पुढे जाईल. तिला वळवणारं कुणी नाही. दादा सगळ्यांना विचारत राहतो. दादाला कुणी विचारलंच नाही.

डावेआजोबांनी धक्क्याच्या दगडांवर काठी रोवली, छाती भरून हवा घेतली, आणि जे पंखाने कधी विचारायचं नाही ते विचारलं.

"दादा?"

घरघर चालू राहिली.

"दादा?" ते पुन्हा म्हणाले. "डावा विचारतोय. दादा?"

उत्तर आलं नाही. मग त्या सपाट सुराला एक बारीक हेलकावा पडला. दुसरा पडला, जरा मोठा. घूंऽ घूंऽ करत होड्यांची इंजिनं वेगळी झाली, एक इथे, एक तिथे, आणि पुढे कुणीतरी मच्छीमार आपल्या इंजिनाला लाथ घालत असल्याचं ऐकू आलं. पिवळा फ्रॉक मटकन खाली बसला.

आजोबा पोहोचले तेव्हा पोरीच्या चपलांची टोकं धक्क्याच्या कडेबाहेर होती. खाली पाणी दगडाला लागून हलत होतं. त्यांनी तिला बखोटीला धरून मागे ओढलं, आणि तसंच धरून ठेवलं. तिने डोळे मिचकावले आणि आजूबाजूला पाहिलं.

"आजोबा, तो गेला," ती म्हणाली.

"जाऊ दे."

"पण दुसरा उभा राहिलाय. तिकडे. त्याला कळत नाहीये कुणाकडे बघायचं ते."

आजोबांना तिकडे धुक्याशिवाय काही दिसलं नाही. तरी ते त्या बाजूला तोंड करून उभे राहिले. त्यांचे शब्द स्पष्ट होते, इतक्या वर्षांपूर्वी बोलायला हवे होते तसेच.

"उजव्या, ऐक. दादाकडे बघू नकोस रे, दादा गेला. मी वळतोय, उजवीकडे. माझा पंख धर. समोर मी बघतो."

ते वळले. पोरीचं बोट घट्ट धरून ते धक्क्यावरून परत निघाले, दर पावलाला समोर बघत. दोरखंडांच्या दुकानापाशी पोरगी थोडी डावीकडे सरकली.

"काय गं?"

"त्याला जागा नको का?" ती म्हणाली.

आजोबांनी मागे वळून पाहिलं नाही. पुढे चालणाऱ्याने वळून बघायचं नसतं, हे त्यांना दादाकडून माहीत होतं. मात्र बर्फाच्या कारखान्याच्या फाटकापाशी पाणी साचलं होतं, तिथे ते मुद्दाम लांबचा वळसा घेऊन गेले. दोन मोजे एकावर एक घालणाऱ्याचे पाय कशाला भिजवायचे!

घरी, पडद्यांच्या कारखान्यात, मशिनी थांबल्या होत्या. तिघींना आत्ता कुठे कळलं होतं की पोरगी टेबलाखाली नाही आणि म्हातारा स्टुलावर नाही. सूनबाईंनी घर पालथं घातलेलं दिसत होतं. वरच्या जिन्यातून तिचा रडवेला आवाज येत होता. "बाबा! बाबा, आहात का? अहो, कुणी आहे का घरात?"

आजोबा उंबरा ओलांडून आत आले. पोरगी आत आली, पण तिने दार लोटलं नाही. दाराची कडी धरून ती बाजूला सरून उभी राहिली, पाहुणा आत येईपर्यंत शहाण्या मुलीने उभं राहावं तशी. मग तिने नाकाने वास घेतला.

"आजोबा," ती हळूच म्हणाली, "ह्याच्याकडे पेपरमिंट आहे." आणि तिने दार लावून घेतलं.

"कोण आहे खाली?" सूनबाईने पुन्हा विचारलं.

आजोबांनी काठी आपटली नाही की खोकले नाहीत.

"आहोत," ते म्हणाले. "आम्ही आहोत."